६८.९ की ७०.६?

यूरेनियम-२३२ चं अर्धायुष्य अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत सांभाळल्या जाणाऱ्या तक्त्यात पाहिलं, तर ६८.९ वर्षं मिळतं. फ्रान्समधल्या साक्ले इथल्या प्रयोगशाळेच्या पुढाकाराने झालेल्या तक्त्यात तेच ७०.६ वर्षं आहे. दोन्ही तक्ते जाणत्या लोकांनी केलेले आहेत आणि जगभर वापरले जातात. तरी दोघांत अडीच टक्क्यांचं अंतर आहे. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. निसर्गाचा स्थिरांक आणि त्याचे दोन भाव? ज्यांनी हे काम हाताने केलं आहे, ते मात्र आकड्याच्या पुढचं ± बघतात. पहिल्यापुढे ०.४ आहे, दुसऱ्यापुढे १.१. म्हणजे भांडण वाटतं तितकं मोठं नाही. पण मिटलेलंही नाही.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत अल्फा मोजण्याचं काम मी शिकले. तिथे पहिल्यांदा उमगलं ते हे की, ॲक्टिनाइडांच्या मोजमापात खरी कसोटी किरणोत्सार मोजण्याची नसते. किरण मोजणारी उपकरणं चांगली आहेत, बऱ्याच वर्षांपासून चांगली आहेत. घोडं अडतं ते अणू किती आहेत आणि ते नेमके कोणाचे आहेत, या साध्या प्रश्नापाशी.

ॲक्टिनाइड म्हणजे आवर्त सारणीच्या तळाशी वेगळी मांडलेली ओळ, अणुक्रमांक ८९ ते १०३. थोरियम, यूरेनियम, प्लुटोनियम, अमेरिशियम ही त्यातली कामाची मंडळी. त्यांच्या प्रत्येक समस्थानिकाची एक पत्रिका असते: अर्धायुष्य किती, अल्फा कण किती ऊर्जेचे आणि शेकड्यात किती, गॅमा किरण कोणते आणि किती वेळा. अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाची उष्णता, दूरच्या अवकाशयानांची वीज, प्रवाळाचं वय, कर्करोगावरच्या काही नव्या औषधांची मात्रा, हे सगळं या पत्रिकेवरून काढतात.

पत्रिकेत एक टक्का चुकला तर काय होतं, याचं उत्तर प्लुटोनियम-२३९ ने दिलं आहे. पूर्वीच्या पुस्तकांत त्याचं अर्धायुष्य २४,४०० वर्षं छापलेलं सापडतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांनी एकत्र येऊन वेगवेगळ्या पद्धतींनी ते पुन्हा मोजलं. कोणी अल्फा मोजले, कोणी उष्णता, कोणी प्लुटोनियमपासून तयार होणारं यूरेनियम-२३५. आकडा २४,११० च्या आसपास आला. फरक सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. आता, अल्फा किंवा उष्णता मोजून प्लुटोनियम किती आहे हे ठरवताना अर्धायुष्य गुणाकारात येतं. म्हणजे जुन्या आकड्याने एक टन प्लुटोनियमच्या हिशेबात बाराएक किलो नसलेलं प्लुटोनियम कागदावर उभं राहतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्या मात्रेला दक्षतेच्या दृष्टीने लक्षणीय मानते ती आहे ८ किलो. एवढ्याशा टक्क्यासाठी माणसं वर्षानुवर्षं का राबतात, ते इथे कळतं.

अर्धायुष्य मोजायचं म्हणजे अर्धं होईपर्यंत थांबायचं, असा समज असतो. यूरेनियम-२३५ ला त्यासाठी सत्तर कोटी वर्षं लागतात. तेव्हा उलटा रस्ता धरतात. अणू किती आहेत ते मोजा, दर सेकंदाला किती फुटतात ते मोजा, भागाकार करा. एक मिलिग्रॅम यूरेनियम-२३५ मध्ये दर सेकंदाला सुमारे ८० अणू फुटतात. हे मोजणं मुळीच अवघड नाही. पण त्या मिलिग्रॅममध्ये दहा हजारांत एक भाग जरी यूरेनियम-२३४ मिसळलेलं असेल, तर ते एकटं २३ अणूंची भर घालतं, कारण त्याचं अर्धायुष्य अडीच लाख वर्षांच्या आतलं आहे. १९७१ साली अरगॉन प्रयोगशाळेतल्या जॅफी आणि सहकाऱ्यांनी यूरेनियम-२३५ आणि २३८ ची जी अर्धायुष्यं दिली, ती आजही प्रमाण मानली जातात. त्या कामाचं मोठेपण मला दिसतं ते अतिशय शुद्ध नमुने मिळवण्यात आणि त्यांच्या वजनाच्या चोख हिशेबात.

अपवाद एकच सांगते, कारण तो मला फार आवडतो. प्लुटोनियम-२४१ चं अर्धायुष्य चौदा वर्षांच्या थोडं पुढे आहे, म्हणजे थांबून बघण्यासारखं. बेल्जियममधल्या गील इथल्या युरोपीय प्रयोगशाळेने एकाच साठ्यातलं प्लुटोनियम १९७६ पासून तीस वर्षांहून अधिक काळ सांभाळलं. अधूनमधून त्यातला थेंब काढून वस्तुमानमापीवर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, २४० आणि २४१ चं गुणोत्तर घेतलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला आकडा १४.३२५ ± ०.०२४ वर्षं. तीन दशकांत माणसं बदलतात, यंत्रं बदलतात, निधी देणारे बदलतात. तो थेंब काढणं कोणी थांबवलं नाही, हे मला त्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

यूरेनियम-२३२ मध्ये अशी चैन नाही. सत्तर वर्षं कोण थांबणार? आणि वजन करावं म्हटलं तर एका नॅनोग्रॅममध्येच सेकंदाला आठशेच्या वर अणू फुटतात. एवढा कमी जिन्नस कुठल्या तराजूवर ठेवणार? म्हणून त्याला एका ओळखीच्या भावंडासोबत मोजतात. यूरेनियम-२३३ चं अर्धायुष्य १,५९,२०० वर्षांच्या आसपास आहे आणि हजारात एक-दीड भागापर्यंत पक्कं आहे. दोघांचं मिश्रण घ्यायचं. अल्फा मापकावर दोघांच्या फुटण्याचं गुणोत्तर काढायचं, वस्तुमानमापीवर दोघांच्या अणूंचं. दोन गुणोत्तरं हाती आली की २३३ च्या अर्धायुष्यावरून २३२ चं निघतं. वजन करायला नको, घनफळ मोजायला नको. कागदावर इतकं स्वच्छ काम दुसरं नाही.

कागद सोडून प्रयोगशाळेत गेलं की थोरियम भेटतं. दोन रूपांत भेटतं, आणि दोन विरुद्ध बाजूंना ओढतं.

पहिलं रूप थोरियम-२२८. यूरेनियम-२३२ फुटलं की हेच तयार होतं. त्याचं स्वतःचं अर्धायुष्य १.९ वर्षं. समजा सकाळी यूरेनियम अगदी धुऊन काढलं, आयन-विनिमय स्तंभातून गाळून थोरियम मागे ठेवलं. दुसऱ्या सकाळपर्यंत यूरेनियमच्या किरणोत्साराच्या एक हजारांश इतकं थोरियम पुन्हा तयार झालेलं असतं. महिना गेला तर तीन टक्क्यांच्या जवळ. आणि अल्फांच्या ऊर्जेच्या आलेखात ते दुसरीकडे कुठे नाही, नेमकं आपल्या शिखरावर येऊन बसतं. यूरेनियम-२३२ चे मुख्य अल्फा ५३२० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे. थोरियम-२२८ च्या अल्फांपैकी चौथा भाग ५३४० चे. वीस किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचं अंतर सिलिकॉनच्या मापकाला नीट फोडता येत नाही. आलेख एकच दिसतो, जरा उजवीकडे फुगलेला. तेवढे अल्फा यूरेनियमच्या नावावर पडले तर यूरेनियम आहे त्यापेक्षा वेगाने फुटतंय असं वाटतं, आणि अर्धायुष्य खरं असेल त्याहून कमी निघतं.

यावर तोड आहे. थोरियम-२२८ चं दुसरं, मोठं शिखर ५४२३ ला एकटं उभं असतं. ते मोजायचं आणि त्याच्या प्रमाणात ५३४० चा वाटा वजा करायचा. पण ते प्रमाण कुठून आणायचं? दुसऱ्या एका तक्त्यातून. त्या आकड्याचीही अनिश्चितता आपल्या पदरात पडते. म्हणून खात्रीचा उपाय एकच: शुद्धीकरण झालं की लगेच प्लँचेट करा आणि त्याच दिवशी मोजायला लावा.

प्लँचेट म्हणजे पोलादाची छोटी चकती. तिच्यावर द्रावणाचा थेंब ठेवायचा, तो सारखा पसरावा म्हणून टेट्राइथिलीन ग्लायकॉल घालायचं, इन्फ्रारेड दिव्याखाली वाळवायचं, मग चकती लाल होईपर्यंत तापवायची. मुंबईच्या प्रयोगशाळांत ग्लायकॉलचं पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे टीईजी म्हणतात. थर जितका पातळ तितकं बरं. जाड झाला तर अल्फा कण बाहेर पडतानाच थोडी ऊर्जा गमावतात आणि शिखराला डावीकडे लांब शेपूट येतं. २३२ चं शिखर वरच्या ऊर्जेला, २३३ चं खाली ४८२४ ला. त्यामुळे वरच्याचं शेपूट खालच्याच्या पायाखाली सरकतं. किती सरकलं, याचा अंदाज शुद्ध २३२ चा वेगळा स्रोत मोजून घ्यावा लागतो. आमच्याकडे नवीन आलेली मुलं शिखराची उंची बघून खूश व्हायची. काउंटिंग रूममधले एक जुने काका त्यांना म्हणत, ‘‘डोकं नको बघू, शेपूट बघ.’’ ते स्वतः पदवीधर नव्हते, पण स्रोत चांगला की वाईट हे पडद्यावर पहिले काही हजार काउंट जमेपर्यंत सांगून टाकत.

अजून एक खोडी आहे. अल्फा बाहेर पडताना मागे राहिलेल्या केंद्रकाला उलटा धक्का बसतो. पोकळीत तो तुटलेला अणू उडून थेट मापकावर जाऊन चिकटतो. २३२ च्या साखळीत पुढे रेडॉन-२२० हा वायूही येतो, तो तर आपसूकच फिरतो. थोडे दिवस असं चाललं की मापकच किरणोत्सारी होतो आणि रिकामी खोली मोजली तरी आलेखावर शिखरं उगवतात. म्हणून कुठलाही २३२ चा स्रोत लावायच्या आधी आणि नंतर रिकामं मोजून ठेवायचं. हे बॅकग्राउंडचं काम कोणालाच करायला आवडत नाही. माझ्या मते माणसाची पारख करायला याहून चांगली परीक्षा नाही.

आणि काउंट किती? हजारात एक भाग इतका नेमकेपणा हवा तर दहा लाख लागतात. मापक रात्रभर, कधी आठवडाभर चालू. पण आठवड्यात थोरियम वाढतं! मग स्रोत जरा तेज करावा, तर थर जाड होतो आणि शेपूट लांबतं. एक दुरुस्त करायला जावं तर दुसरं बिघडतं, आणि या ओढाताणीत कुठे थांबायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आता दुसरं रूप, थोरियम-२३२. निसर्गातलं साधं थोरियम. ते किरणोत्सारी आहे खरं, पण त्याचं अर्धायुष्य चौदाशे कोटी वर्षांचं, म्हणून अल्फा मापकाला त्याचा पत्ताही लागत नाही. गोंधळ होतो वस्तुमानमापीवर. ते यंत्र अणूचं नाव ओळखत नाही, वजन ओळखतं. यूरेनियम-२३२ आणि थोरियम-२३२ त्याला जवळजवळ सारखेच.

अल्फा दोघांचे सारखे यावेत असं मिश्रण केलं तर त्यात २३२ च्या एका अणूमागे २३३ चे तेवीसशे अणू असतात. वस्तुमानमापीत नमुना ज्या तारेवर तापवून आयनित करतात, त्या रेनियमच्या तारेवर एक मायक्रोग्रॅम यूरेनियम चढवलं, तर त्यातलं २३२ नॅनोग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी. त्याचा एक टक्का म्हणजे चारेक पिकोग्रॅम. एवढं थोरियम कुठून येईल? काचेतून, आम्लातून, धुळीतून, तारेच्या धातूतून. ते यूरेनियमइतक्याच सहज आयनित झालं, तर चार पिकोग्रॅमने अर्धायुष्य एक टक्क्याने लांबतं. सुदैवाने थोरियमला जास्त तापमान लागतं. तार कमी तापवली तर यूरेनियम आधी निघतं आणि थोरियम मागे राहतं. पण कमी तापवली की संकेतही क्षीण होतो. शिवाय शेजारच्या २३३ च्या प्रचंड शिखराचा एक पुसट पदर २३२ च्या जागेवर पडलेला असतो. तो दहा लाखांत दोन भाग इतका असला, तरी २३२ चं माप अर्ध्या टक्क्याने वाढतं. आणि हलका समस्थानिक तारेवरून जरा लवकर उडतो, ती दुरुस्ती वेगळीच.

म्हणजे थोरियम-२२८ अर्धायुष्य आखूड करतं आणि थोरियम-२३२ लांबवतं. दोन्ही चुका एकाच नमुन्यात असू शकतात, आणि एकमेकींना झाकूही शकतात. उत्तर बरोबर आलं म्हणून प्रयोग बरोबर झाला असं म्हणता येत नाही, ते या समस्थानिकाइतकं कुठे जाणवत नाही.

आता तक्ते करणाऱ्यांकडे वळू. ते प्रयोग करत नाहीत, जुने निबंध वाचतात. पन्नास-साठच्या दशकांतली मोजमापं यूरेनियम-२३२ साठी ७२-७४ वर्षांच्या आसपास आहेत. १९७९ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या एस. के. अग्रवाल, एच. सी. जैन आणि सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू सी’ मध्ये ६९ च्या आसपासचा आकडा दिला. ब्रूकहेवनचा ६८.९ त्याच्याशी जुळतो. साक्लेचा ७०.६ जुन्या आणि नव्याच्या मधे पडतो, आणि मतभेद पोटात घेतल्यामुळे त्याचा ± मोठा आहे.

अशा मूल्यमापनाचं काम मी थोडंबहुत केलं आहे, आणि माझ्या अनुभवाने ते प्रयोगापेक्षा जास्त थकवणारं आहे. जुन्या निबंधात ± दिलेलं असतं, पण ते कशाचं हे लिहिलेलं नसतं. बहुतेकदा ते फक्त काउंटच्या संख्येवरून काढलेलं असतं. शेपूट, शुद्धता, भूमिती यांतल्या कशाचाच त्यात हिशेब नसतो. मग आपण बसून विचार करायचा की त्या काळच्या यंत्रावर हे किती सुटलं असेल. त्यानंतर मुख्य तपासणी. लग्न जुळवताना जसं गोत्र बघतात, तसं दोन आकडे स्वतंत्र म्हणण्याआधी त्यांचं मूळ बघावं लागतं. दोघांनी एकाच संदर्भाच्या अर्धायुष्याचा आधार घेतला असेल तर ते सगोत्र. तो आधार पुढे बदलला, तर दोघेही एकाच दिशेने सरकतात. उदाहरणार्थ, २०११ साली एका जपानी गटाने थोरियम-२२९ चं अर्धायुष्य यूरेनियम-२३२ आणि २३३ च्या साखळीवरून काढलं. त्या पद्धतीत २३२ चा आकडा हिशेबातच येतो. थोरियम-२२९ ची जुनी किंमत ७,३४० वर्षं होती. २०१४ साली कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेने ७,९१७ ± ४८ दिली. आठ टक्क्यांची ही हालचाल होते आहे ती नेमक्या त्या समस्थानिकात, ज्याच्यापासून कर्करोगाच्या उपचारासाठी ॲक्टिनियम-२२५ मिळवतात.

साक्लेच्या पुढाकारातल्या मंडळींचा एक नियम मला पटतो. सरासरी काढताना कुठल्याही एका मोजमापाला निम्म्याहून जास्त वजन मिळू द्यायचं नाही. कोणी स्वतःला फारच अचूक म्हणवत असेल तर त्याचा ± वाढवून त्याला निम्म्यावर आणायचं. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने याला आधार नाही, असं काही जण म्हणतात. खरंही आहे. पण माणसं स्वतःची अनिश्चितता कमी लिहितात, हे मानून चालण्यात शहाणपण आहे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अशा आकड्यांचा संग्रह पहिल्यांदा १९८६ साली काढला. २००५ पासून पुन्हा देशोदेशींच्या मूल्यमापकांना बसवून, ऐंशीहून अधिक ॲक्टिनाइड आणि त्यांच्या वंशजांची पत्रिका नव्याने तपासून, २०१३ साली तो प्रसिद्ध केला. आपल्याकडून त्यात कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर होतं. यादी लांब आहे, काम संथ आहे, आणि प्रत्येक वेळी ठरलेलं एक वाक्य ऐकू येतं की नवीन मोजमापं कमी येतात. येणार कुठून? अर्धायुष्याचा चौथा आकडा पक्का केला म्हणून कोणाला बढती मिळत नाही. चकत्या तापवणाऱ्या, तारा भरणाऱ्या हातांची जागा भरली जात नाही. नवा समस्थानिक शोधला तर बातमी होते, जुन्याचं अर्धायुष्य सुधारलं तर तळटीप.

यूरेनियम-२३२ आपल्यासाठी तळटीप नाही. थोरियमपासून यूरेनियम-२३३ करायचं म्हटलं की भट्टीत सोबत २३२ होतंच. त्याच्या साखळीच्या शेवटाकडे थॅलियम-२०८ आहे आणि ते २६१४ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा सोडतं. जाड शिसं, दुरून हाताळणी, इंधन किती दिवसांत घडवलं पाहिजे याची घाई, हे सगळं त्या गॅमामुळे. कल्पाक्कमला १९९६ साली सुरू झालेली ‘कामिनी’ ही छोटी भट्टी यूरेनियम-२३३ वर चालते. देशाच्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा थोरियमवर बेतलेला आहे. अडीच टक्क्यांनी कोणाची भट्टी बंद पडणार नाही, हे मान्य. शिशाच्या भिंतीची जाडी ठरवताना त्याहून मोठे अंदाज धरलेले असतात. पण नमुन्याचं वय काढताना, मागकाढ्या (ट्रेसर) म्हणून २३२ वापरताना, आणि त्याच्या आधाराने दुसऱ्यांची अर्धायुष्यं काढताना हा फरक थेट उत्तरात उतरतो.

१९७९ चं मोजमाप आपल्याकडे झालं. आज वस्तुमानमापी कैक पटींनी चांगली आहे, स्वच्छ खोल्या आहेत, आणि थोरियम हाताळायची सवय जगात फार थोड्या ठिकाणी आपल्याइतकी आहे. हे मोजमाप ट्रॉम्बेतच पुन्हा व्हावं. एकाच मिश्रणाचे नमुने दोन-तीन प्रयोगशाळांत वाटून व्हावं, आणि निबंधात शेपटापासून तारेतल्या थोरियमपर्यंत प्रत्येक दुरुस्तीचा स्वतंत्र हिशेब छापावा. तोवर यूरेनियम-२३२ वापरणाऱ्याने आपल्या अहवालात कोणता तक्ता आणि कोणता आकडा घेतला, एवढं तरी लिहावं.